शंकर आबाजी भिसे देशभक्त होते की संधी बघून गेलेले?

रिकामटेकडा इंजिनिअर

मंडळी, घरात एक वाद पेटलाय आणि काही केल्या विझत नाहीये म्हणून इथे टाकतोय. माझा मावसभाऊ मशीन डिझाइनमधला. त्याने पॅकिंग लाइनवर बसवायचं एक छोटं यंत्र केलंय, इथल्या कारखानदारांना दाखवलं, सगळ्यांनी "वा छान आहे, पुढच्या वर्षी बघू" म्हणून चहा पाजून वाटेला लावलं, आणि आता एका जर्मन कंपनीने यंत्रासकट त्यालाच बोलावलंय, नोकरी पण आणि डिझाइन पण. झालं! काका मंडळी सुरू. इथल्या सरकारी कॉलेजात शिकलास आणि डोकं तिकडे विकायला निघालास वगैरे वगैरे.

तेवढ्यात माझ्या आत्याने शंकर आबाजी भिसेंचं नाव काढलं. ते 'भारतीय एडिसन' म्हणतात ते. १८६७ साली मुंबईत जन्म, शंभराच्या वर शोध लावले म्हणतात, लंडनला गेले, मग न्यूयॉर्कला गेले, तिथेच १९३५ ला वारले. आत्याचं म्हणणं की त्यांना आपण अभिमानाने आपलं म्हणतोच ना, मग या पोरावर का घसरता. काकांचं म्हणणं की भिसेंनी देशाला दिलं काय? एक कारखाना दाखव. आत्या गप्प.

मला पण उत्तर सुचलं नाही. शाळेत कधीतरी धड्यात वाचलेलं तेवढंच. कोणी नीट सांगेल का, भिसे परदेशी का गेले आणि त्यांना देशभक्त म्हणायचं की नाही? आणि भावाला काय सांगू? त्याला महिनाअखेर उत्तर द्यायचंय.

इतिहासाचा नाद

संधी बघून गेले म्हणण्याआधी त्यांना पाठवलं कोणी ते बघा.

भिसे मुंबईत असताना काय काय करत होते, तर विशीत त्यांनी सायन्स क्लब काढलेला, आगगाडीच्या डब्यात पुढचं स्टेशन दाखवणारं यंत्र, गुपचूप उघडून फेरफार करता येणार नाही अशा बाटल्या, असले उद्योग. मग १८९० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या संशोधकांच्या एका मासिकाने स्पर्धा लावली, किराणा दुकानात माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची. भिसेंनी मुंबईत बसून डिझाइन केलं आणि तिथल्या सगळ्या गोऱ्या स्पर्धकांना मागे टाकून पहिले आले. आता हे आज वाचताना काही वाटत नाही, पण तेव्हा साहेबाचं पक्कं मत होतं की हिंदी माणूस पाठांतर करेल, कारकुनी करेल, वकिली पण करेल, यंत्र बनवणं हे त्याच्या रक्तातच नाही. त्यामुळे ती स्पर्धा ही राजकीय बातमी होती.

म्हणून काँग्रेसच्या दिनशा वाच्छांनी त्यांना दादाभाई नौरोजींच्या नावाने पत्र दिलं आणि १९०० च्या आसपास भिसे लंडनला दादाभाईंच्या दारात. दादाभाईंनी नुसता आशीर्वाद दिला नाही, करार करून पैसे घातले. म्हणजे बघा, ज्या म्हाताऱ्याने जन्मभर इंग्रज इथला पैसा कसा ओढून नेतो याचा आकडेवार हिशोब मांडला, तोच माणूस आपल्या खिशातला पैसा लंडनमधल्या वर्कशॉपमध्ये ओततोय, का तर एक हिंदी माणूस तिथे यंत्र बनवून दाखवणार. याला काकांच्या हिशोबात कुठल्या खान्यात टाकायचं?

लंडनमध्ये भिसेंनी विजेवर चालणारी जाहिरातीची पाटी केली ती क्रिस्टल पॅलेसला लागली. स्वयंपाकघरातली उपकरणं, आपोआप पाणी सोडणारा संडास, बरंच काही. पण खरा जीव होता तो छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, ओतायच्या यंत्रात, भिसोटाइप. त्यासाठी मोठं भांडवल लागणार होतं. ते उभं करायची जबाबदारी घेतली हेन्री हाइंडमन यांनी. हे ब्रिटनमधले मोठे समाजवादी पुढारी, हिंदुस्थानच्या बाजूने बोलणारे, दादाभाईंचे जुने मित्र. पैसा काही उभा राहिला नाही. (भांडवलशाहीचा शत्रू भांडवल गोळा करायला नेमला, यावर वेगळा धागा काढता येईल.) दादाभाई तोवर थकून भारतात परतलेले, आणि १९०८ च्या शेवटी भिसे पण हात हलवत परत निघाले.

परतीच्या बोटीवर भेटले गोपाळ कृष्ण गोखले. गोखल्यांनी गाठ घालून दिली सर रतन टाटांशी, म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, २०२४ ला गेले ते रतन टाटा नव्हेत. मग टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट. आणि ती कुठे? परत लंडनमध्येच! पुढे महायुद्ध आलं, सिंडिकेट गुंडाळली गेली आणि युद्धाच्या धामधुमीत भिसे न्यूयॉर्कला गेले.

म्हणजे दादाभाई, वाच्छा, गोखले, टाटा. यांच्या देशभक्तीबद्दल काकांना शंका असेल तर मग बोलणंच खुंटलं. यातल्या एकालाही "अरे तू लंडनला कशाला, इथेच कर" असं म्हणावंसं वाटलं नाही, याचा अर्थ काय तो लावा.

तिरकस

नाद साहेब, नावं मोठी घेतली की मुद्दा मोठा होत नाही.

काकांचा प्रश्न साधा आहे, हाती काय आलं? लक्ष्मणराव किर्लोस्कर बघा. जन्म १८६९, म्हणजे भिसेंच्या दोनच वर्षं मागे. मुंबईत व्हीजेटीआयला शिकवत होते, बढती डावलून दुसऱ्याला दिली, तर नोकरी सोडून बेळगावला सायकलचं दुकान टाकलं. बोटीत नाही बसले. १९०३ ला लोखंडी नांगर केला, शेतकरी म्हणे लोखंडाने जमीन विषारी होते, पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली, तरी रेटलं. मग औंध संस्थानात १९१० ला किर्लोस्करवाडी. तिथून पुढे पंप, इंजिनं, हजारो लोकांच्या चुली पेटल्या. भिसेंचे शंभर की दोनशे शोध एका पारड्यात आणि तो एक नांगर दुसऱ्यात, मी नांगर घेईन.

भिसेंना वाईट म्हणत नाहीये. हुशार माणूस होता. पण हुशारी आणि देशसेवा एकच नाही, आणि 'तिकडे आपलं नाव काढलं' ही देशसेवा मला तरी पटत नाही.

जुना जुळारी

छापखान्यात आयुष्य गेलंय त्यामुळे भिसोटाइपवर मी बोललो तर चालेल.

तिरकसराव तुमचा नांगर मला मान्य, पण तुम्ही एक गोष्ट विसरताय, नांगराचं गिऱ्हाईक कुठे होतं? इथे. बांधावर. तो "नको" म्हणाला तरी रोज डोळ्यासमोर होता, त्याच्याशी भांडता येत होतं, फाळ बदलून परत दाखवता येत होता. भिसेंचं गिऱ्हाईक कुठे होतं? लंडन आणि न्यूयॉर्कच्या टाइप फाउंड्रीत आणि वर्तमानपत्रांत.

खिळे ओतायचं काम म्हणजे काय ते आजच्या पोरांना माहीत नसणार. शिसं, त्यात अँटिमनी आणि कथिल, हे वितळवून साच्यात दाबायचं, थिजलं की अक्षर बाहेर. सोपं वाटतं ना? वेग वाढवायला गेलं की साचा तापतो, साचा तापला की धातू वेळेत थिजत नाही, खिळ्याच्या पोटात हवा राहते, आणि असा पोकळ खिळा दाबाखाली चार दिवसांत बसतो. शिवाय प्रत्येक खिळ्याची उंची तंतोतंत एक पाहिजे, केसभर कमी झाली तर ते अक्षर छापतच नाही, केसभर जास्त झाली तर कागद फाडतं. त्यामुळे भरभर ओतायचं आणि तरी खिळा भरीव आणि मापात आला पाहिजे, हे जो करेल त्याचं यंत्र अख्खं जग घेईल असा तो काळ. लायनोटाइप आणि मोनोटाइप या शिसं ओतून मजकूर जुळवणाऱ्या यंत्रांच्या कंपन्या बाजारात पाय रोवून बसलेल्या. अशा यंत्राला अचूक हत्यारं लागतात, मापाला पक्का कारागीर लागतो, आणि मुख्य म्हणजे चूक कुठे झाली हे सांगणारं गिऱ्हाईक शेजारी लागतं. मुंबईत निर्णयसागर होता, त्यांचा टाइप देशात नावाजलेला, जावजी दादाजींनी उभं केलेलं काम, पण तिथे ओतकाम करायला माणसं भरपूर आणि मजुरी स्वस्त. यंत्रावर मोठा पैसा कोण आणि कशाला घालणार?

आणि आपलं देवनागरी वेगळंच. रोमनला थोडक्या खिळ्यांत भागतं. आपल्याला मात्रा, उकार, रफार, जोडाक्षरं, अर्धी अक्षरं धरून शेकडो खिळे, जुळाऱ्याच्या (अक्षरं जुळवणाऱ्याच्या) समोर खिळ्यांची खणाखणांची पेटी एवढी पसरलेली की अर्धा दिवस हात लांब करण्यातच जायचा. टिळकांनी सुद्धा केसरीसाठी खिळ्यांची संख्या कमी करायची खटपट केली होती. देवनागरी लायनोटाइप पुढे १९३० च्या दशकात आला तोही कुठे घडला तर न्यूयॉर्कमध्ये, हरी गोविल नावाच्या आपल्याच माणसाच्या हातून. म्हणजे मराठी हिंदी अक्षरं यंत्रावर चढवायची तरी अमेरिका गाठावी लागली.

अजून एक. लायनोटाइप ज्याने केला तो मर्गेनथालर जर्मन. १८७२ ला पोरवयात अमेरिकेला गेला, घड्याळजीचं काम शिकलेला. १८८६ ला त्याच्या यंत्रावर न्यूयॉर्कचं वर्तमानपत्र निघालं. त्याला कोणी विचारलं का जर्मनीशी गद्दारी केलीस का म्हणून? हा प्रश्न फक्त आपल्याच पोरांच्या वाट्याला येतो.

तिरकस

जुळारी काका गिऱ्हाइकाचा मुद्दा पटला. खरंच पटला. पण मग त्याला देशभक्ती म्हणू नका ना, धंदा म्हणा. धंद्यासाठी गेले, यात कमीपणा काहीच नाही.

इतिहासाचा नाद

दोन्ही एकाच वेळी असू शकत नाही का? स्वदेशीवाले सगळे धंदाच करत होते की.

न्यूजर्सीत अडकलेला

मी बाहेर आहे म्हणून माझं मत धरू नका हवं तर, पण एक नाव सांगतो जे अशा वादात कधीच येत नाही. येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातले, जन्म १८९५. मद्रास मेडिकल कॉलेजात असताना गांधींच्या हाकेला ओ देऊन खादी घालायला लागले, त्याचा राग धरून प्राध्यापकाने त्यांना पूर्ण एमबीबीएस मिळू दिली नाही, खालची पदवी दिली. १९२३ ला अमेरिकेला गेले ते परत आलेच नाहीत, १९४८ ला तिथेच वारले. आता काकांच्या भाषेत हिशोब करू, देशाला काय दिलं? त्यांच्या हाताखालच्या टीमने लेडरले कंपनीत जे औषध काढलं, डायइथिलकार्बामाझिन, ते हत्तीरोगावरचं. तुमच्या-आमच्या गावात रात्री रक्त तपासायला आणि गोळ्या वाटायला सरकारी माणसं यायची ना, त्या गोळ्या याच. बिहारपासून केरळपर्यंत किती लोकांचे पाय वाचले असतील. शिवाय कॅन्सर आणि सांधेदुखीवर आज जे मेथोट्रेक्सेट देतात ते पण त्यांच्याच कामातून आलं. खादीवरून पदवी कापली गेलेला माणूस, गेला तिकडे, आणि औषध फिरून आलं इकडे.

आता दुसरी बाजू पण सांगतो कारण इथे उगाच आरती नको. बाहेर गेलेला प्रत्येक जण सुब्बाराव नसतो. मी पगारासाठी आलो, मुलांच्या शाळेसाठी राहिलो, आणि पंधरा ऑगस्टला झेंड्याचा फोटो टाकतो, बास. त्यात देशसेवा वगैरे काही नाही, पण गुन्हा पण नाही. तुमच्या भावाला कोणी "तू भिसेंसारखा" म्हणून हरभऱ्याच्या झाडावर चढवत असेल तर ते पण थांबवा. त्याला पोट आहे, घर आहे, यंत्र चालावं एवढी इच्छा आहे, पुरे की एवढं.

आणि भिसेंचं एक राहिलं. न्यूयॉर्कला त्यांचं खिळ्याचं यंत्र फार मोठं झालं नाही, पैसे दिले ते आयोडीनच्या औषधाने, ॲटोमिडीन. ज्या यंत्रासाठी दादाभाईंनी आणि टाटांनी पैसा घातला, लंडनमध्ये इतकी वर्षं गेली, ते राहिलं बाजूला. मला याचं कधीकधी वाईट वाटतं, म्हणजे त्यांना वाटत असेल का असं.

पेटंटवाली ताई

भिसे, किर्लोस्कर, सुब्बाराव सगळे झाले, आता जिवंत माणसाबद्दल बोलूया का? महिनाअखेर उत्तर द्यायचंय म्हणताय आणि धाग्यात अजून एकाने विचारलं नाही की त्याने पेटंट फाइल केलंय का.

भारतात राहणाऱ्या माणसाला आपल्या शोधाचा अर्ज थेट परदेशात करता येत नाही. पेटंट कायदा १९७०, कलम ३९. एकतर आधी इथे अर्ज करायचा आणि सहा आठवडे थांबायचं, नाहीतर फॉर्म २५ भरून पेटंट ऑफिसची लेखी परवानगी घ्यायची. मोडलं तर इथला अर्ज सोडून दिल्यात जमा, दिलेलं पेटंट रद्द होऊ शकतं आणि शिक्षेची तरतूद पण आहे. आणि हो, इथे प्रश्न नागरिकत्वाचा नाही, राहण्याचा आहे. काकांनी इकडे लक्ष द्यावं, कायदा देशभक्ती विचारत नाही, पत्ता विचारतो. अमेरिकेत पण असाच नियम आहे, तिथे झालेला शोध परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही, त्यामुळे हे आपलंच काहीतरी जुनाट आहे असं समजू नये.

दुसरं, "यंत्रासकट त्यालाच बोलावलंय" हे वाक्य वाचून मला धडकी भरली. नोकरीचा करार वेगळा आणि यंत्राचा करार वेगळा, हे दोन कागद कधीही एक होऊ देऊ नका. नोकरीच्या करारात एक ओळ असते की कामाशी संबंधित सगळे शोध कंपनीचे. ती ओळ आधी केलेल्या शोधाला लागू नाही असं लिहून घ्यायचं, आणि आधी केलाय हे सिद्ध कशाने होणार? इथल्या अर्जाच्या तारखेने. म्हणून आधी अर्ज. ड्रॉइंग पूर्ण नसली तरी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज करता येतो, पूर्ण स्पेसिफिकेशन (शोधाचं सविस्तर वर्णन) द्यायला बारा महिने मिळतात, आणि त्याच बारा महिन्यांत बाहेरचे अर्ज इथली तारीख धरून करता येतात. ऑनलाइन सरकारी फी एकट्या माणसाला १,६०० रुपये आहे. अर्ज लिहून देणाऱ्या पेटंट एजंटची फी वेगळी, ती मात्र चांगलीच लागते, त्यात कंजूषी करू नका, वाईट लिहिलेलं पेटंट असून नसून सारखं.

तिसरं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. पेटंट देशागणिक वेगळं असतं. जर्मनीचं त्यांना द्या, युरोपचं द्या, हवं तर लायसन्स द्या म्हणजे मालकी तुमचीच आणि ते वापराचे पैसे देतात. पण भारताचे हक्क विकू नका. आज जे कारखानदार "पुढच्या वर्षी" म्हणतायत, ते युरोपात यंत्र चाललं की धावत येतील, हे मी कितीदा बघितलंय. त्या वेळी इथलं लायसन्स द्यायचा अधिकार भावाच्या हातात असेल तर तो इथे बनवून घेऊ शकतो, नसेल तर तेच यंत्र जर्मनीहून आयात होऊन येईल आणि काका म्हणतील बघा आपल्याकडे असं काही होत नाही. माझ्याकडे एक क्लायंट असाच आलेला, जगभराचे हक्क एका सहीत देऊन मोकळा झालेला, स्वतःचंच यंत्र इथे बनवायला त्याला परवानगी मागावी लागत होती आणि मिळाली नाही.

रिकामटेकडा इंजिनिअर

बापरे. ताई, यातलं त्याने काहीच केलेलं नाहीये. उलट यंत्र चालतंय त्याचा व्हिडिओ त्याने लिंक्डइनवर टाकलाय, जर्मन कंपनीने त्याला तिथेच शोधलं. तो व्हिडिओ काढून टाकायला सांगू का?

आणि बाकी सगळ्यांना धन्यवाद. आत्याला नादसाहेबांची पोस्ट वाचून दाखवली, ती आता फोन करकरून लोकांना गोखले आणि बोट सांगतेय.

पेटंटवाली ताई

काढून उपयोग नाही, दिसलं ते दिसलं. युरोपात अर्जाच्या आधी शोध उघड झाला तर सवलत जवळजवळ नसतेच, अमेरिकेत एक वर्षाची मुभा असते. आता सगळं यावर आहे की व्हिडिओत काय दिसतंय. झाकण लावलेलं यंत्र पाकिटं भरताना दिसतंय की आतली रचना उघडी दिसतेय? नुसतं बाहेरून असेल आणि तेवढ्यावरून जाणकाराला रचना कळत नसेल तर बरंच वाचेल. आतलं दिसत असेल तर जे दिसत नाही त्यावर अर्ज बांधायचा, तो एजंट बघेल. व्हिडिओ जपून ठेवा, टाकल्याची तारीख लिहून ठेवा, आणि पहिल्याच भेटीत एजंटला सांगा, लपवू नका.

आणि त्या कंपनीला अजून ड्रॉइंग पाठवली नसतील तर अर्जाचा नंबर हातात येईपर्यंत एकही पाठवू नका. विचारलं तर आधी गोपनीयतेचा करार पाठवा म्हणावं. रीतसर कंपनी असेल तर ती यावर रागावत नाही.